नाक पुसण्याआधी

मी पाळणाघरात कामाला लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते, आणि मुलांची नाकं पुसण्यात माझा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. दीड ते अडीच वर्षांची अकरा मुलं, मी आणि एक मावशी. सर्दीचे दिवस आले की अकराच्या अकरा नाकं वाहायची. धुतलेल्या फडक्यांची चळत खांद्यावर टाकून मी फिरत असायचे. मूल ठोकळे रचत बसलेलं असो की खिडकीशी उभं असो, मागून जायचं, डावा हात डोक्यामागे, उजव्या हाताने फडकं नाकावर, एक झटका, की झालं. ते रडायला तोंड उघडेपर्यंत मी पुढच्या नाकाशी पोचलेली असायचे. न्यायला आलेले आईवडील म्हणत, तुमच्याकडची मुलं किती स्वच्छ असतात! ते ऐकून मला दिवसभराचा शीण गेल्यासारखं वाटायचं.

मावशीची रीत निराळी होती. ती मुलाला वळसा घालून समोर यायची, उकिडवी बसायची आणि फडकं त्याला दिसेल असं धरायची. "नाक आलंय बघ. पुसायचं?" आणि थांबायची. मूल कधी चेहरा पुढे करायचं, कधी मान फिरवायचं. मान फिरवली तर म्हणायची, "बरं, तेवढा ठोकळा ठेव. मग पुसू." पुन्हा थांबायची. एका नाकाला अर्धा मिनिट सहज जायचा. मला वाटायचं, हिचं आता वय झालं, हात चालत नाहीत.

एका दुपारी मी एका मुलासाठी त्याचा आवडता लाकडी घोडा घेऊन निघाले. पावणेदोन वर्षांचा असेल. माझ्याकडे पाठ करून बसला होता. माझ्या पावलांचा आवाज आला आणि त्याची मान खांद्यांत गेली. दोन्ही खांदे कानांपर्यंत वर आले, डोळे घट्ट मिटले. आता नाक पुसलं जाणार, म्हणून तो तयारीत बसला होता. मी घोडा पुढ्यात ठेवला, तरी खांदे खाली यायला बराच वेळ लागला. नंतरचे काही दिवस मी लक्ष ठेवून बघत गेले. अकरातली सहा-सात मुलं माझ्या पावलांच्या आवाजाने अशीच आखडायची. मावशीच्या पावलांना एकही नाही.

त्या दुपारीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. ते खांदे मला अजून दिसतात.

हल्ली माझं काम वेगळं आहे. मी पाळणाघरांत आणि बालवाड्यांत जाते, कोपऱ्यात बसून बघते, लिहून घेते आणि मग तिथल्या तायांबरोबर बसून त्यावर बोलते. 'आम्हाला दर्जा सुधारायचाय' असं म्हणून लोक बोलावतात. बोलावणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा भिंतींचे रंग असतात, नवी खेळणी असतात, अक्षरांचे तक्ते असतात, आणि गेल्या काही वर्षांत कॅमेरे. ते सगळं त्यांनी हौसेने केलेलं असतं, म्हणून मी नीट बघते. मग सगळ्यात लहान मुलांच्या खोलीत जाऊन बसते आणि तिथे नाकं कशी पुसतात ते पाहते. त्या खोलीत तासभर बसलं की त्या जागेबद्दल जे कळायचं ते बहुतेक कळतं.

मारिया माँटेसोरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आज त्यांचं नाव घेतलं की सुबक लाकडी साधनं आणि महागड्या शाळा डोळ्यांपुढे येतात. पण सुरुवात झाली ती सांभाळण्याच्या गरजेतून. आईबाप दिवसभर कामावर, मुलं इमारतीत मोकाट, जिने आणि भिंती खराब करतात, तेव्हा कुणीतरी त्यांना एका जागी बसवून ठेवावं, एवढीच इमारतवाल्यांची अपेक्षा होती. पाळणाघरच ते. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता, कुणाच्या लक्षात न येता नाक कसं साफ करायचं. मुलं एकदम गप्प राहून बघत होती. दाखवून संपलं आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माँटेसोरी चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की नाकावरून ही मुलं सतत बोलणी खातात, चारचौघांत त्यांचा पाणउतारा होतो, पण हे करायचं कसं, ते शांतपणे आजवर कुणी दाखवलेलंच नव्हतं.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नोकरीला तीन वर्षं झाली होती. वाचून मी पुस्तक मिटलं आणि मावशीला शोधत गेले. तिने माँटेसोरींचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, "माझ्या तोंडावर कुणी न सांगता फडकं टाकलं तर मला नाही चालणार."

इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला एका गोष्टीची खात्री पटली आहे. आपण सांभाळणं आणि शिकवणं यांत जी भिंत घातली आहे, तिनेच या क्षेत्राचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. शिकवणाऱ्या त्या बाई, सांभाळणारी ती मावशी. दोघींचा पगार वेगळा, मान वेगळा, बसायची जागासुद्धा वेगळी. बाईंना प्रशिक्षणाला पाठवतात, मावशीला फिनेल आणून देतात. आता एका वर्षाच्या बाळाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. भरवणं, तोंड पुसणं, लंगोट बदलणं, कपडे चढवणं, उतरवणं, झोपवणं, उठवणं, पुन्हा भरवणं. दिवसाचा केवढा मोठा भाग यातच जातो! हे 'उरकलं' की शिक्षण सुरू होणार असं मानलं, तर बाळाचा अर्धाअधिक दिवस आपण आधीच वाया घालवून बसलो. शिवाय ज्या हातांत तो दिवस जातो, त्या हातांना आपण शिक्षक म्हणायलाच तयार नाही.

हे उरकणं किती महागात पडतं आणि न उरकता काय साधतं, हे एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांनी बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर आईवडिलांपासून तुटलेल्या बाळांसाठी एक घर सुरू केलं. त्या काळच्या अनाथालयांत बाळांना दूध मिळे, दुपटी मिळत, तरी ती सुकत जात. आपल्या घरात असं होऊ नये म्हणून पिकलरबाईंनी कुठलाही खास अभ्यासक्रम आणला नाही. त्यांनी लंगोट बदलण्याकडे लक्ष दिलं. बाळाला उचलण्याआधी सांगायचं, "आता मी तुला उचलणार आहे." हात पुढे करायचे आणि बाळाचं अंग त्या हातांकडे वळेपर्यंत थांबायचं. बाही चढवताना बाळाचा हात ओढायचा नाही, ते हात पुढे करील याची वाट बघायची. ठरावीक बाळांना ठरावीक बायांनीच सांभाळायचं. आणि हे झालं की बाळाला जमिनीवर, त्याचं त्याला, खुशाल खेळू द्यायचं; जे ते स्वतः होऊन करत नाही ते करायला लावायचं नाही, बसता येत नसताना उशा लावून बसवायचं नाही. नुसतं वाचायला हे सोपं वाटतं. पाठ दुखत असताना, शेजारी दुसरं बाळ रडत असताना, तीन महिन्यांच्या बाळाच्या बाहीसाठी थांबून बघा.

याची दुसरी बाजू रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये दिसली. तिथल्या अनाथालयांतली सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुलं २००० सालापासून अभ्यासात घेतली होती. त्यांतल्या साधारण निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं. घरी गेलेल्या मुलांची बुद्धी, जीव लावण्याची ताकद, इतकंच काय, मेंदूतल्या विजेच्या लहरीसुद्धा सुधारल्या, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्या मुलांमध्ये हा बदल सर्वांत ठळक होता. अनाथालयातही अन्न होतं, छप्पर होतं. आपल्या रडण्याला रोज तेच एक माणूस धावून येईल, एवढंच नव्हतं.

परवा एका पाळणाघरात पाहिलेलं सांगते. चौदा महिन्यांचं बाळ, लंगोट बदलायच्या टेबलावर. ताईच्या मनगटावर घड्याळ होतं आणि खिडकीतलं ऊन त्यावर पडून छतावर उजेडाचा एक ठिपका नाचत होता. बाळाने बोट वर केलं. "द्!" ताईचे हात थांबले. तिने वर पाहिलं. "अगं बाई, उजेड! नाचतोय बघ." मनगट हललं तसा ठिपका पळाला. बाळाने ठिपक्याकडे पाहिलं, मग ताईच्या तोंडाकडे. ताई काही बोलली नाही. तिने मनगट स्थिर धरलं, ठिपका थांबला. हलवलं, पळाला. बाळ आता ठिपका सोडून मनगटाकडे बघायला लागलं. भुवया आक्रसलेल्या. हात लांब करून त्याने घड्याळ पकडलं, ओढलं आणि झटकन छताकडे पाहिलं. ठिपका भिंतीवर उतरला होता. "तूच हलवलास!" ताई म्हणाली. बाळ असं हसलं की टेबल हललं.

हे सगळं मिळून दोन मिनिटं झालं असेल. एक गोष्ट दुसरीमुळे घडते आणि ती मला घडवता येते, हे त्या बाळाला उमगलं तेव्हा त्याचं अर्धं ढुंगण उघडं होतं. शेजारच्या खोलीत त्याच वेळी तीन वर्षांची मुलं तक्त्यासमोर रांगेत बसली होती. "हा कोणता रंग?" "लाऽऽल." "हा कोणता?" "पिवऽऽळा." संस्थेच्या प्रमुखांनी मला आवर्जून ती खोली दाखवली. टेबलाशी काय घडलं ते त्यांना माहीत नव्हतं, ताईलाही सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. दुपारी मी वहीतलं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हे लिहून कशाला घेतलंत? मी तर नुसता लंगोट बदलत होते."

अशा देवाणघेवाणीला किती किंमत आहे, हे आता मोजूनही झालंय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि नंतर गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू कसा चालतो ते पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आला. मुलांच्या कानांवर किती शब्द पडले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात किती वेळा बोलणं इकडून तिकडे गेलं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध होता. म्हणजे नुसतं बोलत सुटणाऱ्या रेडिओचा उपयोग नाही. मूल काही म्हणतं, आपण ते झेलतो, परत टाकतो, थांबतो. मला वाटतं, यातला सगळ्यात कठीण भाग थांबण्याचा आहे. तायांना बोलायला शिकवणं सोपं. गप्प राहून मुलाच्या उत्तराची वाट बघायला शिकवणं, त्याला मला प्रत्येक ठिकाणी निदान सहा महिने लागतात.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा माग काढणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात उत्तम ठरलेल्या ठिकाणी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: मोठं माणूस आणि मूल एखाद्या कोड्यात मिळून डोकं घालतात आणि ते लगेच सोडून देत नाहीत. त्याच अभ्यासात असंही आढळलं की सांभाळणं आणि शिकवणं जिथे एकत्र गुंफलेलं होतं, तिथला दर्जा वरचढ होता. ताराबाई मोडकांना याची जाण फार आधी होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीकडे येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' ही कल्पना आकाराला आली.

मग प्रश्न येतो पैशांचा, आणि तो आला की सगळे अमेरिकेतल्या पेरी बालवाडी-प्रयोगाचं नाव घेतात. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतल्या १२३ कृष्णवर्णीय मुलांचे दोन गट केले. ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात बालवाडी मिळाली, उरलेल्यांना नाही. बुद्ध्यांकातला फरक शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच विरून गेला. पण चाळिशीपर्यंत माग काढला तेव्हा बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पुरी केलेली होती, कमाई जास्त होती, अटक झालेले कमी होते. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण पेरीचं नाव घेणारे पुढचं सांगत नाहीत. तिथे साधारण सहा मुलांमागे एक शिक्षिका होती, तीही रीतसर शिकलेली, आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन दीडेक तास बसायची. तीस मुलं एका खोलीत बसवून, एकीला कसाबसा पगार देऊन, पेरीच्या निकालाची वाट बघणाऱ्यांना मी काय सांगू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

टेनेसी राज्यात जवळपास तीन हजार मुलांचा असाच अभ्यास झाला. सरकारी बालवाडी संपताना मुलं पुढे होती. सहावीत पोचली तेव्हा न गेलेल्या मुलांच्याही मागे पडली होती, आणि त्यांच्या बेशिस्तीच्या नोंदीही जास्त होत्या. २०२२ मध्ये तो निकाल आला तेव्हा बालवाडीचा काही उपयोग नाही, असं बरेच जण म्हणायला लागले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून सगळ्यांना परवडतील अशी पाळणाघरं उभी केली. आया मोठ्या संख्येने कामाला जाऊ लागल्या, ही फार चांगली गोष्ट झाली, पण जागा इतक्या घाईने वाढल्या की बहुतेक ठिकाणी दर्जा जेमतेमच राहिला, आणि नंतरच्या अभ्यासांत मुलांमधली चिंता आणि आक्रमकता वाढलेली दिसली. या निकालांनी मला धक्का बसला नाही. मुलाला एका दारातून आत घेतलं म्हणजे त्याचं भलं होतंच, असं मी इतक्या वर्षांत कुठे पाहिलेलं नाही. आत गेल्यावर त्याच्या वाट्याला कोण येतं, त्यावर सगळं.

आणि त्यासाठी दर वेळी श्रीमंती लागते असंही नाही. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या काही घरांत आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून तासभर जायच्या. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन त्या आई आणि बाळाबरोबर खेळायच्या, आईला दाखवायच्या, आईचं कौतुक करायच्या. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या बाळांची कमाई अशी भेट न मिळालेल्या बाळांपेक्षा २५ टक्के जास्त होती. त्या सेविका काही मोठ्या पदव्यांच्या नव्हत्या. त्यांना काय करायचं ते नीट शिकवलेलं होतं, पाठीशी कुणीतरी होतं, आणि त्या दर आठवड्याला जात होत्या. मला यातलं 'दर आठवड्याला' फार महत्त्वाचं वाटतं.

कारण आमच्या क्षेत्रात माणसं टिकत नाहीत. हे लिहिताना मला एक मुलगी आठवते, दोन वर्षांची. तिची ताई एका शुक्रवारी नोकरी सोडून गेली. दुसरीकडे, दुकानात, तिला जास्त पगार मिळत होता; तिच्यावर घर चालत होतं, तिने काय करायचं? पण मुलांना कुणी काही सांगितलं नाही. लहान आहेत, विसरतील, असं ठरलं. सोमवारी ती मुलगी आली आणि जिथे ताई पिशवी अडकवायची त्या खुंटीखाली जाऊन उभी राहिली. रडली नाही. खुंटीला हात पुरत नव्हता, तर खालच्या भिंतीला हात लावून उभी. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. गुरुवारी मी तिला उचलून खुंटी दाखवली आणि सांगितलं, ताई गेली, आता ती इथे येणार नाही, तुझ्यावर रागावून गेली नाही. तिने रिकामी खुंटी बोटाने चाचपली. मग पहिल्यांदा रडली. नव्या ताईच्या मांडीवर बसायला तिला सव्वा महिना लागला, आणि ती नवी ताईही सहा महिन्यांत गेली.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांतल्या २२७ पाळणाघरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या कामाच्या परिस्थितीतली कोणती गोष्ट दर्जाशी सगळ्यात घट्ट बांधलेली आहे, हे त्यात पाहिलं होतं. ती होती सांभाळणाऱ्यांचा पगार. त्यानंतर तीस वर्षांनी व्हर्जिनिया राज्यात काही तायांना, त्या टिकून राहिल्या तर, काही महिन्यांत मिळून एक ठरावीक जादा रक्कम देऊन पाहिलं. पाळणाघरांत सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे कळायला अभ्यास कशाला हवा, असं वाटेल. पण मी ज्या ज्या बैठकांना बसले, तिथे अभ्यासक्रमावर तासन् तास बोलणं झालं आणि पगाराचा विषय निघाला की घड्याळाकडे बघायला सुरुवात झाली. 'या कामाला जीव लावणाऱ्या बाया हव्यात, पैशांसाठी येणाऱ्या नकोत' असं एकदा एक गृहस्थ म्हणाले. जीव लावणाऱ्या बाईलाही भाडं भरावं लागतं. आणि जिचा जीव भाड्यात अडकलाय, तिला छतावरचा ठिपका दिसत नाही.

प्रशिक्षणाबद्दल थोडंसंच. सभागृहात शंभर जणींना बसवून दिवसभर ऐकवण्याचा उपयोग होतो असं मी बघितलेलं नाही. मी स्वतः तशी व्याख्यानं पुष्कळ दिलीत, म्हणून सांगते. उपयोग होतो तो आपलंच काम बघण्याचा. ताईच्या परवानगीने, तिच्याच फोनवर, तिच्या कामाची पाच मिनिटं टिपायची आणि दुपारी मुलं झोपली की दोघींनी मिळून बघायची. मी काही बोलत नाही. बहुतेक वेळा तीच कुठेतरी म्हणते, "थांबा. पुन्हा दाखवा." एकीने स्वतःला मुलाच्या हातातून चमचा काढून घेताना तीन वेळा पाहिलं आणि म्हणाली, "तो भरवून घ्यायला नको म्हणत नव्हताच. मला भरवायला निघाला होता." हे मी तिला दहा व्याख्यानांत सांगू शकले नसते.

आणि आईवडिलांनी रोज संध्याकाळी विचारायचा तो प्रश्न, 'आज काय शिकवलं?', त्याने तायांवर किती दडपण येतं! त्या एका प्रश्नापायी दीड वर्षाच्या मुलांच्या हातात पेन्सिली दिल्या जातात, आणि घरी न्यायला कागद तयार व्हावा म्हणून ताई मुलाच्या हातावर आपला हात ठेवून रेघ ओढते. आईवडिलांचा दोष नाही; दिवसभर मूल दुसऱ्याच्या हाती देऊन गेलेल्या माणसाला काहीतरी हातात हवं असतं. मी तायांना सांगते, कागदाऐवजी रोज एक गोष्ट सांगा. आज तिने उजेड पकडायचा प्रयत्न केला. आज तो दार उघडल्यावर बराच वेळ बिजागरीकडेच बघत होता. काही आठवड्यांतच प्रश्न बदलतो. 'आज काय केलं तिने?' असं विचारू लागतात.

सध्या मी एका पाळणाघरात महिन्यातून दोनदा जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा नऊ मुलांमागे एक ताई होती. दुपारी ती एकेकाला उचलून टेबलावर टाकायची, बदलायची, उतरवायची, न बोलता. तिची कंबर गेलेली होती. मी सुचवलं, टेबलाला तीन पायऱ्यांची छोटी लाकडी शिडी लावून घ्या, चालणारी मुलं आपली आपण चढतील. ताईने माझ्याकडे पाहिलं. "चढायला त्यांना किती वेळ लागेल? बाकीच्या आठांचं काय करू?" तिचं बरोबर होतं. मी प्रमुखांकडे गेले आणि शिडीच्या आधी त्या दीड तासासाठी दुसरं माणूस मागितलं. तीन महिने लागले. हिशेब मांडून झाले, नाही म्हणून झालं, मग हो झालं.

गेल्या आठवड्यात गेले तेव्हा शिडी लागलेली होती. नवी ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला आठ मुलांत बसली होती, दोघं मांडीवर, एक पाठीवर. सव्वा वर्षाचा एक मुलगा शिडीशी आला. पहिल्या पायरीवर गुडघा, मग दुसरा गुडघा, मग उभा. नाक वाहत होतं. ताई टेबलापलीकडे होती, हातात फडकं. ते तिने त्याला दाखवलं, "आधी नाक, की आधी वर?" त्याने वरच्या पायरीवर हात आपटला. "बरं," ती म्हणाली आणि फडकं टेबलावर ठेवलं. दुसऱ्या पायरीवर चढून तो थांबला, वळून खाली बघितलं, आपण किती वर आलो ते. मग तिच्याकडे बघितलं. ताईने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, एका हाताने दुसरं मनगट धरून. तिसऱ्या पायरीवर त्याने पाय ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला. ती तशीच उभी होती.